सहा संत, चेहरे बाकी

भाड्याची खोली बघायला आलेल्या माणसाला घरमालक साधारणपणे नोकरी, पगार आणि मांजर आहे का, हे विचारतात. न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमधल्या माझ्या घरमालकांनी सुई दिली. सोबत पोस्टाच्या तिकिटाएवढा तागाच्या कापडाचा तुकडा, रेशमाचा एक धागा आणि सूचना: "एक ओठ काढून दाखवा. वरचा." मी काढला. त्यांनी तो खिडकीशी नेऊन बघितला, परत आणून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही बातम्याच लिहा." खोली मात्र दिली.

हे दोन हजार पाचच्या सुमाराचं. तिथल्या एका मोफत साप्ताहिकात मी बातमीदार होते. नगरपालिकेच्या सभा, गाईंची प्रदर्शनं, नदीत पडलेली गाडी, असं काहीही लिहायचं काम. खोली म्हणजे घरामागे सुटी बांधलेली एक खोली, तिकडच्या भाषेत स्लीपआउट. मोरी स्वतंत्र, स्वयंपाकघर घरमालकांचं. त्यामुळे चहाच्या निमित्ताने दिवसातून दोनदा त्यांच्याकडे जाणं होई आणि जे दिसे ते दिसे.

घरमालक मूळचे पुण्याचे, निवृत्त फार्मासिस्ट. गावातली मराठी मंडळी त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. मध्ययुगात युरोपातले पाद्री मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करताना जो झगा घालत, त्यावर वरपासून खालपर्यंत भरतकामाचा एक पट्टा लावलेला असे. इंग्रजीत त्याला ऑर्फ्री म्हणतात. सोन्याच्या तारेची जमीन, तिच्यावर एकाखाली एक कमानी आणि प्रत्येक कमानीत एक संत उभा. काका सातशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीने असा एक पट्टा तयार करत होते. मी राहायला गेले तेव्हा त्या कामाला बारा वर्षं झाली होती.

काका ख्रिस्ती नव्हते. हिंदू म्हणूनही त्यांची कामगिरी बेताची होती. देव्हारा काकूंकडे होता. सगळं सुरू झालं ते लंडनच्या एका सहलीत. पाऊस आला म्हणून ते एका संग्रहालयात शिरले, समोरच्या काचेत असा एक झगा होता, आणि संग्रहालय बंद होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. काकू सँडविचं घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्या म्हणत, "मी विचारलं, काय बघितलंत? म्हणाले, काठ. एवढ्या मोठ्या लंडनमध्ये यांनी काठ बघितला."

काकांचं म्हणणं सरळ होतं. वस्त्र म्हणजे काठ टांगायची खुंटी. झगा विरला की पट्टा उसवायचा आणि नव्या झग्याला लावायचा. एकेक पट्टा तीन-तीन झगे जगलेला आहे. आपल्याकडे तरी नऊवारी जीर्ण झाली की काय करतात? काठ उतरवून ठेवतात, नव्या लुगड्याला लावतात. ही गोष्ट ते इतक्या सहज सांगत, की ऐकणाऱ्याला आपली आजी आणि इंग्लंडमधला तेराव्या शतकातला पाद्री एकाच शिंप्याकडे जात असावेत असं वाटे.

पट्ट्याची खोली घरातली सगळ्यात थंड खोली होती, त्यालाही कारण होतं. भरतकामाच्या सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की उत्तरेच्या खिडकीपाशी बसावं, तिथे ऊन येत नाही. काका दोन वर्षं उत्तरेच्या खिडकीपाशी बसले. पहिल्या संताचा लाल झगा बघता बघता विटकरी झाला, मग गुलाबी झाला. पुस्तकं इंग्लंडमध्ये लिहिलेली आहेत आणि न्यूझीलंडमध्ये ऊन उत्तरेकडून येतं, हे काकूंनी लक्षात आणून दिलं. त्यांनी ते कपडे वाळत घालताना सांगितलं. त्यानंतर दक्षिणेची धुण्याची खोली रिकामी झाली, वॉशिंग मशीन गॅरेजमध्ये गेलं आणि काका तिथे बसू लागले. पहिल्या संताचं रेशीम त्यांनी उसवून पुन्हा भरलं. सात महिने गेले. घरातला एकुलता एक डीह्युमिडिफायरही त्याच खोलीत होता. हिवाळ्यात नदीवरचं धुकं खिडकीला टेकलं की पट्टा कोरड्या हवेत झोपे आणि काका-काकू दोन-दोन गरम पिशव्या घेऊन.

त्यांच्या बोटांना खरखरीतपणा चालत नसे, रेशीम अडकतं. बाग काकू करत. कांदा काकू चिरत. हस्तांदोलन ते कुणाशीही करत नसत. हात जोडून 'किया ओरा' असा माओरी नमस्कार म्हणत. शेजारच्या लोकांना हे भारतीय संस्कृतीचं दर्शन वाटे आणि ते अदबीने हात जोडत. खरं कारण एवढंच होतं, की शेजारी मेंढ्या कातरणारे होते आणि त्यांचे तळवे काकांनी बघितले होते.

वेळ ते बोटांत मोजत. दिवसाला अर्धं बोट रुंद सोनं भरून होई. "पापाकुराला जाऊन यायचं म्हणजे पाव बोट गेलं," असं म्हणून त्यांनी ऑकलंडकडची कित्येक बारशी टाळली. वर्षातून एकदा मात्र ते आपणहून गाडीत बसत, गणपतीला. ऑकलंडकडची आणि आमच्याकडची मराठी मंडळी एक हॉल भाड्याने घेत, आणि हॉलमध्ये साठ-सत्तर जरीच्या साड्या एका छताखाली येत. काका आरतीच्या आधी एकेका बाईपाशी जाऊन कमरेत वाकत आणि पदराकडे चष्मा लावून बघत. काकू दोन पावलं पुढे चालून आधीच सांगत, "घाबरू नका, यांना फक्त काठ बघायचाय. मी बरोबर आहे."

पट्ट्यावर सहा संत होते. चेहरे एकालाही नव्हते.

बाकी सगळं होतं. हात, पाय, झग्याच्या चुण्या, कमानींवरची द्राक्षाची पानं. सोन्याची तार कापडावर सपाट निजलेली आणि दर दोन-तीन मिलिमीटरवर खालच्या तागाच्या दोऱ्याने तिला कणभर पाठीमागे ओढून घेतलेलं. त्यामुळे पुढून फक्त सोनं दिसे आणि पट्टा हातावर घेतला की कापडासारखा वळे. प्रत्येक संत आपापलं आयुध घेऊन उभा होता, जसे आपले देव असतात. काकूंनी त्यावरूनच नावं पाडली होती: किल्लीवाले, चाकवाली, बुरूजवाली, दातवाली, ड्रॅगनवाली आणि बार्बेक्यूवाले. या शेवटच्या संताला लोखंडी जाळीवर भाजून मारलं होतं आणि ती जाळी त्याच्या हातात होती. सहाही जण मानेवर अंगठ्याच्या नखाएवढं कोरं कापड घेऊन खाली बघत होते, असं म्हणता आलं असतं, बघायला काही असतं तर.

काकांचं स्पष्टीकरण तयार असे. जुन्या कारखान्यांत चेहरे करणारा वेगळा असायचा. सोनं भरणाऱ्याने चेहऱ्याला हात लावायचा नाही. तो माणूस मिळाला की चेहरे होतील. भाडेकरूंच्या हातात सुई का दिली जाते ते तेव्हा कळलं. खरं स्पष्टीकरण काकूंनी एका दुपारी गरम पाण्याच्या टाकीवरच्या कपाटातून काढलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात काकांनी केलेले चाळीसेक चेहरे होते. टाके बारीक, रंग बरोबर, आणि सगळेच्या सगळे घाबरलेले. काकू म्हणाल्या, "हा आनंदी करायला घेतला होता." आणि झाकण लावलं.

मी साप्ताहिकात त्यांच्यावर तीनशे शब्द लिहिले. फोटो बुरूजवालीचा होता. आठवड्याभराने अर्ध्या तासावरच्या एका गावातले फादर दारात उभे राहिले, हातात कात्रण. वयस्क, उंच, शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला. त्यांचं लाकडी चर्च पाडून नवीन बांधणं चालू होतं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी नव्या चर्चमध्ये पहिली मिस्सा होती. त्यांच्याकडे नवीन साधा पांढरा झगा होता. त्यावर हा पट्टा लावता येईल का?

काकांनी बारा वर्षांत हा विचार केला नव्हता असं नाही. पण तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. ते आत गेले, हात धुतले, बाहेर आले आणि हो म्हणाले. फक्त चेहरे व्हायचे आहेत. फादरना चेहऱ्यांची अडचण नव्हती. हे सहा जण कोण आहेत ते वर सगळ्यांना माहीत आहे, असं ते म्हणाले. काका म्हणाले, वर माहीत असेल, पहिल्या बाकावरच्या बाईंचं काय? पट्टा अंगावर चढणार तो पूर्ण चढेल, नाहीतर चढणार नाही.

फादर चालेल म्हणाले, तिकडच्या बोलीत: "स्वीट अ‍ॅज."

ते गेल्यावर काकूंनी चहाच्या कपबशा उचलल्या. "बारा वर्षांत जो माणूस मिळाला नाही तो आता बारा आठवड्यांत कुठून आणणार?"

"मिळेल."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर फादर साधा झगा घालतील आणि मी सोनं भरणं बंद करीन," काका म्हणाले. ते अतिशयोक्ती करणारे गृहस्थ नव्हते.

माणूस मिळाला तो गाडीच्या दारामुळे. गणपतीच्या दिवशी हॉलबाहेर काकूंच्या पैठणीचा खालचा काठ दारात अडकला आणि चार बोटं फाटला. हॉलच्या स्वयंपाकघरात एक तरुण बाई मोदकांची ताटं पुसत होती. तिने काठ बघितला, पर्समधून एक वाकडी सुई काढली, ती चिमट्यात धरली आणि उभ्या उभ्या शिवून दिलं. फॉलही परत बसवला. घरी आल्यावर काकूंनी साडी काकांच्या टेबलावर पसरली आणि म्हणाल्या, फाटला होता, कुठे ते सांगा. काकांनी भिंग घेतलं. वीस मिनिटांनी त्यांनी चुकीची जागा दाखवली.

ती बाई मिरजेची होती, प्लास्टिक सर्जन. लहान मुलांचे जन्मतः दुभंगलेले ओठ शिवणं हे तिचं तिकडचं रोजचं काम. इथल्या परीक्षा ती पास झाली होती, पण देखरेखीखाली काम करायला हॉस्पिटलात जागा मिळाल्याशिवाय नोंदणी होत नाही, आणि तीन वर्षं ती मिळत नव्हती. तोवर ती एका वृद्धाश्रमात केअरगिव्हर होती, बहुतेक रात्रपाळी. सुई पर्समध्ये का ठेवता, असं काकूंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, सवय. रिकाम्या वेळी केळ्याच्या सालीवर टाके घालते, हात चालता राहावा म्हणून.

काकांनी तिला सहा संत दाखवले, संग्रहालयातल्या जुन्या चेहऱ्यांचे फोटो दिले, तागाचे सहा तुकडे आणि रेशीम दिलं. ओठ काढून दाखवा, असं म्हणाले नाहीत.

मिस्सेच्या आधीच्या बुधवारी ती चेहरे घेऊन आली. वृद्धाश्रमातली गोळ्यांची डबी होती, वारांचे सात कप्पे असलेली. सोमवार ते शनिवार एकेक चेहरा, रविवार रिकामा. काकांनी सोमवार उघडला. किल्लीवाले त्यांच्याकडे बघत होते. माणसाने खूप ऐकून घेतलं आहे आणि आता त्याला थोडं हसू येतंय, असं ते बघत होते. मंगळवार, बुधवार, गुरुवार. एकही घाबरलेला नव्हता. काकू म्हणाल्या, "दातवाली अगदी मिरजेची दिसतेय." डॉक्टर म्हणाली, आमच्या वॉर्डातली सिस्टर आहे.

मग काकांनी सवयीने एक चेहरा उलटा केला आणि तिथेच थांबले.

पाठीमागे गाठी होत्या. मोहरीहून बारीक, शेकड्यांनी. भरतकामात गाठ मारत नाहीत. धाग्याचं टोक आधीच्या टाक्यांखाली सारून संपवतात. गाठ कापडाला घासते, फुगवटा आणते. काकांच्या बारा वर्षांच्या पट्ट्यात एक गाठ नव्हती. आणि सर्जन एक टाका घालतो, बांधतो, कापतो, मग दुसरा घालतो. डॉक्टरने संत तसेच शिवले होते.

"डॉक्टर, या गाठी कशाला?"

"प्रत्येक टाका वेगळा बांधायचा असतो, काका. एक तुटला तर शेजारच्याला कळता कामा नये."

"ही माणसं नाहीत."

"मला चेहरे सांगितले होते तुम्ही," डॉक्टर म्हणाली. तिच्या रात्रपाळीची वेळ झाली होती. ती डबी ठेवून गेली.

काकू म्हणाल्या, पाठ कोण बघणार आहे? काका म्हणाले, मी बघितली. गुरुवारी त्यांनी काम सुरू केलं. एक चेहरा उसवायचा, डॉक्टरच्याच टाक्यांच्या भोकांतून बिनगाठीचा परत भरायचा. जमलं तर बाकीचे पाच तसेच. त्यांनी बार्बेक्यूवाले निवडले, कारण ते पट्ट्यावर सगळ्यात खाली होते. पण एकमेकांत गुंतलेला टाका ओढला की चार निघतात. बांधलेला टाका एकटाच निघतो. प्रत्येक गाठ वेगळी कापावी लागली. गुरुवार त्यात गेला. शुक्रवारी त्यांनी नवा तुकडा घेतला, कारण जुन्याची चाळणी झाली होती, आणि स्वतः चेहरा भरला. संध्याकाळी काकू कपाटातून बिस्किटांचा डबा काढताना मला दिसल्या. डब्यात एक घाबरलेला चेहरा वाढला.

शनिवारी पाच चेहरे त्यांच्या गाठींसकट पट्ट्यावर चढले. काकांनी आणि काकूंनी मिळून पट्टा झग्याला लावला. सगळ्यात खाली एक कोरं नख राहिलं. काकू म्हणाल्या, फोन करा. काका म्हणाले, काय तोंडाने करू. काकूंनी केला.

रविवारी सकाळी आठला डॉक्टर रात्रपाळीवरून थेट चर्चच्या आतल्या खोलीत आली, अंगावर वृद्धाश्रमाचा निळा युनिफॉर्म. मिस्सा दहाला होती. बातमीसाठी मी तिथे होतेच. झगा टेबलावर पसरलेला होता, पण पट्टा आता शिवलेला असल्यामुळे चौकटीत ताणता येत नव्हता आणि ढिल्या कापडावर चेहरा होत नाही. डॉक्टरने दोनदा हात फिरवून बघितला. मग तिने फादरना झगा घालून खुर्चीत मागे टेकून बसायला सांगितलं. झगा वर ओढल्यावर खालचा संत त्यांच्या पोटावर आला आणि कापड ताणलं गेलं. हळू श्वास घ्या, ती म्हणाली. फादर म्हणाले, चाळीस वर्षं मी लोकांना हलू दिलं नाही, आज माझी पाळी.

माझ्याकडे टॉर्च आला. काकांकडे कापड दोन बोटांनी धरायचं काम आणि छोटी कात्री. डॉक्टर गुडघ्यांवर बसली आणि सुई चिमट्यात धरून तिने भुवईचा पहिला टाका घातला. धाग्याची दोन टोकं हातात धरून ती थांबली. तिने काकांकडे बघितलं. सव्वाआठ झाले होते.

"कसं करू?" ती म्हणाली. "तुमच्या पद्धतीने केलं तर डोळे होतील, ओठ होणार नाहीत."

काकांनी चष्मा सारखा करून ती दोन टोकं बघितली. फादर श्वास धरून होते.

"मारा गाठ," काका म्हणाले. "बारीक मारा."

तिने मारली. मग म्हणाली, "कट." काकांना कळलं नाही. गाठ मारल्यावर धागा मदतनीसाने कापायचा असतो, हे तिने सांगितलं. त्यांनी कापला. "अजून आखूड," ती म्हणाली. दुसऱ्या टाक्याला त्यांनी आखूड कापला. साठाव्या टाक्यापर्यंत 'कट' म्हणायची गरज उरली नव्हती. गाठ बसली की कात्री तिथे असे. बाहेर बाकांवर लोक येऊन बसत होते, लहान मुलांचे आवाज येत होते. पावणेदहाला नाक झालं. दहाला सात मिनिटं असताना वरचा ओठ झाला, आणि दोन मिनिटं असताना खालचा. गाल भरायला वेळ नव्हता. तिथे तागाचं कापडच राहिलं. त्यामुळे बार्बेक्यूवाले बाकीच्या पाच जणांपेक्षा फिकट दिसत होते. पण घाबरलेले नव्हते. जाळी हातात धरून ते कुणाची तरी वाट बघत होते आणि तो माणूस येणार याची त्यांना खात्री होती.

फादर उठले. पट्टा खाली सरळ पडला. काकूंनी त्यांच्या मांडीवरची धाग्यांची टोकं झटकली आणि दार उघडलं. बाहेर सगळे उभे राहिल्याचा आवाज आला आणि दार लागलं.

काका बाहेर जायला निघाले नाहीत. डॉक्टर भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, डोळे मिटून. काका तिच्याजवळ खाली बसले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला.

"उद्या दुपारी या," ते म्हणाले. "गाल राहिलेत."

"काका, मंगळवारी हॉस्पिटलात मुलाखत आहे माझी. उद्या अभ्यास करायचाय."

"मग उद्याच या," काका म्हणाले. "हात चालता राहील."